गरज नसलेलं दार

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ह्यांची तब्येत विचारलीस आणि मी 'बरी आहे' एवढंच म्हणून फोन ठेवला. ताई चिडली आहे असं तुला वाटलं असणार. बरोबर वाटलं. पण भांडायचं तर कागदावर, हा बाबांचा नियम तुझ्यामाझ्यात अजून मोडलेला नाही. शाई वाळेपर्यंत अर्धा राग वाळतो म्हणायचे. उरलेला अर्धा तुला पाठवते आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या अँब्युलन्स केंद्राच्या शटरवर नगरपालिकेची नोटीस लागली आहे. तू ते केंद्र एकदाच पाहिलंस, उद्घाटनाच्या दिवशी. एक खोली, आत बाकडं, ऑक्सिजनचे सिलिंडर, आळीपाळीने बसणारे परिचर आणि बाहेर उभी गाडी. हे सगळं बंद करून गाडी हमरस्त्याच्या चौकात उभी करणार, हरकती असल्या तर महिन्याभरात कळवा, असं लिहिलं आहे. खाली आरोग्य विभागाचं टिपण आणि त्याखाली सही. हातात भाजीची पिशवी घेऊन मी उभ्याउभ्या वाचलं. सही पाहायला चष्मा पुसून पुन्हा घातला. तुझीच होती.

टिपणात तू म्हणतोस की केंद्र सुरू झाल्यापासून या भागातून येणारे फोन निम्म्याहून कमी झाले, 'यावरून या भागात तातडीच्या सेवेची गरज उरलेली नाही हे स्पष्ट होते.' हे 'स्पष्ट होते' मी तुझ्या शाळेच्या वह्यांत किती वेळा खोडलं आहे रे! जिथे काहीच स्पष्ट नसायचं तिथे तू नेमका ते शब्द टाकायचास.

फोन का कमी झाले सांगू? कारण इथे कुणी फोन करतच नाही. आमच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, पत्ता सांगता सांगता माणूस जायचा. कुणी कोसळलं की घरातलं कुणीतरी धावत खाली जातं आणि शटरवर थापा मारतं. परिचर खांद्यावर लहान सिलिंडर टाकून पायऱ्या चढतो. हिवाळ्यात ह्यांचा दम कोंडला तेव्हा मी दोन पायांत दोन जोड्यांच्या चपला घालून धावले होते, आणि परत वर येताना तो मुलगा मला मागे टाकून घरात पोचलाही होता. त्या दिवशी तुमच्याकडे आमच्या गल्लीतून एकही फोन आला नसणार. म्हणजे आमच्याकडे गरज नव्हती! छत्रीमुळे अंग कोरडं राहिलं, तर 'अंग कोरडंच आहे, छत्री कशाला' म्हणून ती टाकून देणारा माणूस शहाणा का?

पुढे लिहिलं आहेस की गाडी हलवल्याने शहराची सरासरी पोचण्याची वेळ सुधारेल. सुधारेल की. शिंप्याने एक बाही कोपराच्या वर आणि दुसरी बोटांच्या खाली शिवली, तर सरासरी बाही अगदी मापात असते. सदरा घालणाऱ्याला विचार.

हे मजेत आहेत, म्हणजे खोकत आहेत. बाइंडिंगचं दुकान बंद केलं तरी पुढच्या खोलीत टेबल मांडून कुणाकुणाची जुनी पुस्तकं बांधत बसतात. खळीचा वास घरभर. डॉक्टर धूळ टाळा म्हणतात, तर हे म्हणतात की धुळीनेच एवढी वर्षं पोसलं, आता तिला घराबाहेर कसं काढू.

तेवढं ते वाक्य मागे घे. तुला आणि मुलांना पोटभर आशीर्वाद आहेतच, त्यांना या भांडणाची झळ नाही.

तुझी
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं, ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने विचारलं की समन्स आहे का. म्हटलं, त्याहून वाईट, ताईचं पत्र आहे.

ताई, मी दमलो आहे. टेबलावर फायली इतक्या आहेत की समोर बसलेल्या माणसाचं फक्त कपाळ दिसतं. अशात तू शटरवरच्या थापा मोज म्हणतेस. थापांची नोंद कुठेच नसते. फोनची असते. जे नोंदीत नाही ते समितीला दाखवू कसं?

आणि हमरस्त्याचा चौक तू पाहिलेला नाहीस. नव्या वसाहती, रुंद रस्ता, सुसाट गाड्या. गेल्या महिन्यात तिथे एक शिक्षिका, तुझ्याच पेशातली, स्कूटरवरून पडून रस्त्याकडेला पडून राहिली. तुमच्या कोपऱ्यावरून गाडी बाजारातून वाट काढत पोचली तेव्हा तिच्या डोक्याखाली कुणीतरी आपली ऑफिसची बॅग ठेवली होती. ती वाचली, पण अजून नीट बोलत नाही. आमच्याकडे गाडी एकच आहे, दुसरी मिळत नाही, मी मागून मागून थकलो. कुणाच्या तरी वाट्याला उशीर येणारच. तो कुणाच्या, एवढंच आमच्या हातात असतं.

रागावू नकोस, पण विचारतो. भावोजींचा आजार नसता तर तू हे पत्र लिहिलं असतंस का? घरच्या माणसाचा प्रश्न आला की कुणाचंही गणित घराकडे झुकतं.

ही म्हणते की तुम्ही दोघं इकडेच राहायला या, मोठं हॉस्पिटल जवळ आहे. मीही तेच म्हणतो. भावोजींचं टेबल आणि खळीचं पातेलं ठेवायला गॅलरी आहे.

लोभात कपात करू नकोस, बाकी सगळीकडे झालीच आहे.

तुझा
धाकटा


ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

गॅलरीबद्दल वहिनीला माझे आभार सांग. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, पाहुणा आणि मासा दोन दिवसांनी वास मारतात आणि आपण तर खळही घेऊन जाणार.

आता तुझा प्रश्न. ह्यांचा आजार नसता तर मी लिहिलं असतं का? बहुधा नसतं. नोटीस वाचून पुढे गेले असते आणि भाजी निवडली असती. पण त्याने तुझं टिपण बरोबर कसं ठरतं? बुटातला खडा ज्याला टोचतो तोच ओरडतो. म्हणून खडा नव्हताच असं म्हणता येत नाही. मी का बोलते याची चौकशी झाल्यावर, मी काय बोलते याचीही कर.

उलट तुझ्या पत्रातली चौकाची हकीकत मी दोनदा वाचली. त्या शिक्षिकेच्या डोक्याखालची बॅग डोळ्यांपुढून हलत नाही. धाकट्या, हे खरं कारण आहे. गाडी एक, तिथली गरज मोठी, म्हणून गाडी तिकडे. यावर मला वाईट वाटेल, पण खोडायला लाल पेन्सिल उचलवणार नाही. मग टिपणात हे का लिहिलं नाहीस? तिथे लिहिलंस काय, तर इथे गरज नाही. 'तिथे जास्त आहे' आणि 'इथे नाही' ही दोन वाक्यं एक नव्हेत.

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर पुढचं वाच. तिथे जास्त गरज आहे असं लिहिलं असतंस तर आम्ही म्हटलं असतं, ठीक, गाडी न्या, पण एक परिचर आणि सिलिंडर या खोलीत राहू द्या. तशीही गाडी आमच्या पायऱ्या चढत नाही, चढतो तो माणूसच. तू गरजच नाही लिहिलंस, म्हणून माणूसही चालला, सिलिंडरही चालला आणि खोलीला कुलूप. खोट्या कारणाने खरा निर्णय घेतला तरी त्याची शेपटी चुकीच्याच जागी वळते.

तर माझी हरकत एवढीच. गाडी ने. दार उघडं ठेव. वाद घालायचा मलाही कंटाळा आला आहे. गुडघे दुखतात, ह्यांच्या खोकल्याने झोप नाही, आणि वर तुझे निबंध तपासायचे.

ह्यांनाही चार ओळी लिहायच्या आहेत, त्याच पाकिटात घालते.

तुझी
ताई


ता. १८ मार्च

रा. रा. मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्हा बहीणभावाचं भांडण मी मधल्या खुर्चीत बसून वाचतो आहे. तुमचं पत्र ती मला मोठ्याने वाचून दाखवते आणि स्वतःचं लपवून लिहिते. मग मी तेही वाचतो. बाइंडरापासून कागद लपवणं सोपं नाही. ही सगळी पत्रं एकत्र बांधावी म्हणतो. निळ्या कापडाचा पुठ्ठा कापून ठेवला आहे. फक्त भांडण संपल्याशिवाय टाके घालता येत नाहीत, तेव्हा आवरा.

कोण बरोबर ते मला विचारू नका. मला या घरात जेवायचं आहे.

एक विनंती मात्र मनापासून. तुमच्या खटल्यात माझा श्वास साक्षीदार म्हणून उभा करू नका. तिने केला नाही, पण तुम्ही शंका घेतलीत. उद्या मी धडधाकट झालो तर 'पाहा, काही झालं नाही' म्हणाल. आडवा झालो तर ती 'पाहा, झालं' म्हणेल. साक्षीदार दोन्हीकडून पैसे खाल्ल्यासारखा दिसेल. माझा श्वास आहे तो, कसाही असला तरी घरगुती आहे.

तुमच्या ताईला झोप मिळत नाही. मी सांगितलं हे कळू न देता तिला अधूनमधून फोन करत जा. भांडण कागदावर राहू दे.

तुमचा स्नेह या दमेकऱ्याला पुरून उरतो आहे, तसाच उरू द्या.

आपला,
मधल्या खुर्चीतला


ता. २ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

ठराव झाला. वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावा म्हणून लिहितो.

खरं कारण का लिहिलं नाही, असं तू विचारलंस. उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे. 'तिथे जास्त गरज' म्हटलं की तुमच्या भागातले सदस्य उठून विचारतात की आमची कमी कशी. मग महिनोन्महिने फाइल हलत नाही. 'इथे गरजच नाही' म्हटलं की कुणी भांडत नाही, सगळे चहा घेऊन घरी जातात. हे मी इतक्या वर्षांत शिकलो. तू शिकवलेलं त्याने खोडलं गेलं.

तुझी सूचना मी बैठकीत मांडली. माणूस आणि सिलिंडर तिथेच ठेवू या म्हणालो. अध्यक्षांनी माझंच टिपण माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, ज्या भागात गरज नाही असं तुम्हीच लिहिता तिथे माणूस कशासाठी बसवायचा? माझ्याच वाक्याने माझं तोंड बंद केलं. पुढच्या आढाव्यात पाहू असं ठरलं, आणि पुढचा आढावा कधी ते कुणालाच माहीत नाही.

आता हात जोडतो. मोठ्या अक्षरांत फोन नंबर लिहून भिंतीवर चिकटव. भावोजींना जरा जरी दम लागला तरी आधी फोन कर. गाडी चौकातून निघेल, पण निघेल. मला ऑफिसात कर, घरी कर, कधीही कर.

रागाचा वाटा मला दे, पण आशीर्वादाचा काढून घेऊ नकोस.

तुझा
धाकटा


ता. २८ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

खोली रिकामी झाली. परिचर मुलगा निरोप घ्यायला वर आला होता. ह्यांनी त्याला एक कोरी वही बांधून दिली आणि तो रडवेला झाला. शटरला आता हे मोठं कुलूप आहे. खालचा इस्त्रीवाला म्हणतो, बरं झालं, कपडे टांगायला दांडी मिळाली.

तू म्हणालास तसा नंबर चिकटवला आहे. ह्यांच्या टेबलावर, स्वयंपाकघरात, दाराच्या आत. हे म्हणतात की घराचं टेलिफोन ऑफिस झालं. मला तो पाठही झाला आहे, झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. काळजी करू नकोस.

तू खरं कारण कबूल केलंस ते मला आवडलं. राग गेला असं नाही. जरा बसला आहे.

तुझी
ताई


ता. ९ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

नेहमीची वि. वि. लिहवत नाही. घरी सगळे होते तेव्हा तुझ्याशी बोलायला गेलो. तू मला चहा दिलास. मी तो प्यायलो. एवढंच झालं.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. माझ्या जागी आता या विषयावर जो सहकारी बसतो त्याने भावोजींच्या प्रकरणाचं टिपण लिहिलं आहे. फोन आल्यानंतर गाडी ठरलेल्या वेळात पोचली. नातेवाइकांनी फोन उशिरा केला. यावरून नवी व्यवस्था निर्दोष असून नागरिकांमध्ये जागृतीची गरज आहे हे स्पष्ट होते. तेच दोन शब्द, ताई. मीच त्याला टिपणं लिहायला शिकवली.

मी उलट टिपण लिहायला घेतलं आहे. त्यात लिहिणार आहे की केंद्र हलवल्यामुळे माझ्या बहिणीचा नवरा गेला, यावरून निर्णय चुकीचा होता हे सिद्ध होते, आणि ज्या वाक्यावर तो निर्णय झाला ते माझं होतं. माझ्या वाक्याने भावोजींना मारलं, असंच लिहिणार आहे, सहीनिशी. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. समितीला माणसाचं मरण दिसलं की केंद्र उघडेल. फक्त तुझी परवानगी हवी.

हे पत्र म्हणजे भांडण नाही. तरी कागदावर लिहितो आहे, कारण तुझ्यासमोर उभं राहवत नाही.

तुझ्या लोभाला पात्र आहे असं आज म्हणवत नाही.

धाकटा


ता. १६ जून

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. अनेक म्हणजे पूर्वी होते तेवढेच, मोजू नकोस.

त्या दिवशीचं कुणालाच धड सांगितलेलं नाही. तुला सांगते. दुपार होती. हे एका शब्दकोशाच्या पाठीला खळ लावत होते. ब्रश हातातून पडला, आणि श्वास आत जाईना. नंबर समोर टेबलावर चिकटवलेला होता. पाठही होता. फोन हाताच्या अंतरावर होता. आणि मी पायऱ्या उतरून धावले. तुला एवढी पत्रं लिहिणारी, ते दार बंद आहे हे साऱ्या गल्लीत सगळ्यांत चांगलं जाणणारी मी, त्याच शटरवर जाऊन थापा मारायला लागले. कुलूप डोळ्यांपुढे होतं. मला धावताना पाहून इस्त्रीवालाही धावत आला आणि माझ्या शेजारी उभा राहून तोही थापा मारायला लागला. तो रोज त्याच शटरला कपडे टांगतो. शेवटी त्याच्या बायकोने फोन केला. गाडी आली, लवकर आली, गाडीवरचे मुलगे पायऱ्या चढून आले. तोवर ह्यांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं.

आता तुझ्या सहकाऱ्याचं टिपण. फोन आल्यापासून गाडी येईपर्यंत सगळं ठीक झालं, हे खरं आहे. पण फोनच्या आधी काय झालं ते त्याने पाहिलंच नाही. तू जिथे डोळा मिटला होतास तिथेच त्यानेही मिटला. ज्या पायांना वर्षानुवर्षं एका उघड्या दाराची सवय लागली ते नोटीस वाचून वळत नाहीत. माझे वळले नाहीत, आणि मी तर नोटिशीचं व्याकरणसुद्धा तपासलं होतं. त्याला म्हणावं जागृती करायची तर पायांची कर, डोकी आमची जागी आहेत.

आणि आता तुझं. लाल पेन्सिल शोधायला वेळ लागला, ह्यांच्या खणात होती. तू लिहितोस की भावोजी गेले, यावरून निर्णय चुकीचा होता हे सिद्ध होते. नाही होत. उद्या चौकात त्याच गाडीमुळे कुणाची लेक वाचली, तर ते म्हणतील की यावरून निर्णय बरोबर होता. मग काय, तुम्ही मेलेले आणि वाचलेले तराजूत टाकत बसणार? तुझं टिपण चुकीचं होतं ते हे गेले म्हणून नव्हे. हे आत्ता माझ्यासमोर बसून खळ ढवळत असते तरी ते चुकीचंच होतं. मी मार्चमध्ये तेच म्हणत होते, आणि तेव्हा हे खरोखरच खळ ढवळत होते.

शिवाय ह्यांनी तुला एकच विनंती केली होती. माझा श्वास साक्षीदार करू नका. ते गमतीत लिहितात असं आपल्याला वाटलं. ह्यांच्या श्वासाला घरगुतीच राहू दे. परवानगी नाही.

त्याऐवजी हे लिही. आमच्या गल्ल्यांत दारोदार जा आणि विचार, कुणी कोसळलं तेव्हा तुम्ही काय केलंत, फोन केलात की धावलात? जे कळेल ते टिपणात घाल. चौकाची गरज खरी आहे तेही घाल, त्या शिक्षिकेसकट. मग म्हण, गाडी तिकडे, माणूस आणि सिलिंडर इकडे. समितीने तरीही नाही म्हटलं तर नाही. निदान खऱ्या कारणाने नाही म्हणू दे. विचारायला येशील तेव्हा सुरुवात माझ्यापासून कर. चहा आहे, आणि या वेळी बोल. तोंडी बोलायलाही आपल्या घरात बंदी नव्हती, फक्त भांडायला होती.

आता शेवटचं वाक्य. 'माझ्या वाक्याने भावोजींना मारलं.' हेही मी खोडलं आहे. मी लगेच फोन केला असता तर हे वाचले असते का, ते डॉक्टरांना माहीत नाही. खोली उघडी असती तर वाचले असते का, तेही माहीत नाही. हिवाळ्यात वाचले, म्हणून जूनमध्ये वाचलेच असते असं होत नाही. माझ्याबद्दल मी हा हिशेब रोज घालते, आणि रोज तो अर्ध्यावर थांबतो. तुझाही तिथेच थांबतो. मी तुझी समजूत घालत नाही आहे, धाकट्या. गरज नाही असं लिहिलंस, त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि राहीन. पण तू त्यांना मारलंस, हे वाक्य पुराव्याशिवाय लिहिलेलं आहे. ते मी कुणालाही लिहू देणार नाही, तुलाही नाही.

निळा पुठ्ठा टेबलावर तसाच आहे. मला टाके घालता येत नाहीत, तेव्हा पत्रं त्यात नुसती ठेवली आहेत. हेही ठेवायचं आहे, वाचून परत आण.

दोघांनी मिळून करायचा लोभ आता मला एकटीला करायचा आहे. कुठे कमी पडला तर सांभाळून घे.

तुझी
ताई